५एस आणि सेटिंगचा सल्लागार: भोसरीतल्या आमच्या शॉपचा अनुभव

पाचपैकी साडेतीन. दीड गुण कुठे गेले ते सांगते.

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ, एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), अकरा माणसं. मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये दरवर्षी ५एसचे, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचे गुण जायचे, म्हणून सहा महिन्यांसाठी सल्लागार नेमला. आठवड्याला एक भेट.

पहिले दोन महिने निव्वळ रंगकाम. जमिनीवर पिवळे पट्टे आणि भिंतीवर सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके (निवड, मांडणी, सफाई, प्रमाणीकरण, शिस्त). आमचे जुने ऑपरेटर काका म्हणाले, "ताई, हे पाठ केलं की बोअर (आतलं भोक) मापात येणार का?" लाल चिठ्ठ्यांचा दिवस मात्र कामाचा. वर्षभर हात न लागलेल्या वस्तूला चिठ्ठी लावायची. कधीच बंद पडलेल्या जॉबची फिक्स्चर (नग मशीनवर पकडायचे साचे) बाबांनी जपून ठेवली होती. ती भंगारात गेली तेव्हा बाबा दोन दिवस शॉपवर फिरकले नाहीत. पण रॅक रिकामा झाला, तिथे तपासणीचं टेबल आलं. आता माप हललं तर दुसऱ्या-तिसऱ्या नगालाच कळतं. पूर्वी पेटी भरल्यावर कळायचं.

पैसे वसूल झाले ते सेटिंगमध्ये, म्हणजे एक जॉब संपला की मशीन पुढच्या जॉबसाठी तयार करण्यात. सल्लागाराने एका लेथसमोर मोबाइल लावून ठेवला. जुन्या जॉबचा शेवटचा नग ते नव्याचा पहिला ओके नग: १ तास ५० मिनिटं. मग सगळ्यांना बसवून तेच दाखवलं. मशीन उभं आणि ऑपरेटर फिरतोय. सॉफ्ट जॉ (नग पकडणारे जबडे) शोध, इन्सर्टसाठी (टूलच्या बदलायच्या धारेसाठी) स्टोअरची किल्ली माग, ड्रॉइंगसाठी ऑफिसात ये. ऑफिसात मी, फोनवर. नऊ मिनिटं तो दारात उभा होता. कुणी काही बोललं नाही, पण मला पुरे झालं.

ही पद्धत जपानी अभियंते शिगेओ शिंगोंची. मशीन बंद असतानाच होणारं काम वेगळं काढायचं, बाकीचं मशीन चालू असताना उरकायचं. १९६९ साली टोयोटात हजार टनी प्रेसची चार तासांची सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आली होती. आमची ३५ मिनिटांवर आली. जॉ, टूल, गेज, ड्रॉइंग आधीच भरून ठेवायची एक ट्रॉली, तीही आम्हीच वेल्ड केलेली. सेटिंगचा धाक गेल्यामुळे हजाराऐवजी तीनशेचा लॉट काढतो. माल पडून राहत नाही, आणि बिघडला तरी तीनशेच्या आत.

आता तक्रारी. एक अख्खी भेट सिक्स सिग्माच्या (दोष कमी करायच्या एका पद्धतीच्या) स्लाइडमध्ये गेली. दहा लाखांत ३.४ दोष! आम्ही महिन्याला आठ हजार नग काढतो, दहा लाख व्हायला दहा वर्षं लागतील. केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या) लीन योजनेत सल्ल्याच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं, हे मला पूर्ण फी भरल्यावर दुसरीकडून कळलं. आणि सहा महिन्यांत गृहस्थ एकदाही रात्रपाळीला आले नाहीत. आमचं निम्मं रिजेक्शन तिथलं. सकाळी मी आले की ट्रॉली अजूनही कधी कधी रिकामीच दिसते.

सल्लागार घ्यायचाच असेल तर आधी रात्रपाळीची भेट कागदावर लिहून घ्या. पिवळ्या रंगाचे दोन डबे माझ्याकडे उरलेत, ते फुकट देईन.