दहाच्या जागी तीसचा फ्यूज

वाई ते पाचगणी हा पसरणी घाटाचा रस्ता मी नोकरीसाठी रोज मोटारसायकलने चढतो. पावसाळ्यात तिथे धुके इतके दाट असते की हेडलाइटचा उजेड पुढच्या वळणापर्यंतही पोहोचत नाही, म्हणून गेल्या जूनमध्ये मी साताऱ्यातील एका दुकानातून दोन एलईडी फॉग लॅम्प बसवून घेतले. प्रत्येकी ६० वॅटचे म्हणून लॅम्पचे ३,२०० रुपये, रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि स्वतंत्र वायरिंगचे ९०० आणि मजुरीचे ४०० रुपये त्यांनी घेतले. बिलावर मात्र केवळ ‘इलेक्ट्रिकल काम’ असे लिहिले होते आणि त्यावर मी हरकत घेतली नाही.

आठवडाभरातच गाडीचा फ्यूज उडू लागला आणि तो उडाला की हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट सारेच एकदम बंद पडत. दुकानदार म्हणाला, “दादा, एकशे वीस वॅटचा लोड आहे, दहाचा फ्यूज कसा टिकेल?” १२० वॅट भागिले बॅटरीचे १२ व्होल्ट म्हणजे बरोबर १० अँपिअर, त्यामुळे मला ते पटले. त्याने १० अँपिअरचा लाल फ्यूज काढून ३० अँपिअरचा हिरवा बसवला आणि त्यानंतर फ्यूज खरोखरच उडेनासा झाला.

ऑगस्टमध्ये एका रात्री घाट उतरताना टाकीखालून धूर येऊ लागला. गाडी कडेला घेऊन बॅटरीची वायर सोडवण्याइतका वेळ मिळाला, पण पेट्रोलच्या टाकीखाली वितळलेली ती वायर आठवली की आजही अंगावर काटा येतो.

वाईतील एका जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनने टेप सोडली तेव्हा आत रिले नव्हताच. हॉर्नच्या लाइनला बारीक वायरचा जोड मारून लॅम्प पेटवले होते आणि हँडल जिथे वळते तिथे घासून वायरचे आवरण फाटले होते, त्यामुळे ती फ्रेमला टेकत होती. खराब वायर बदलल्यावर त्यांनी मला करंट मोजून दाखवला. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या खाचेत घालून त्यांनी फ्यूज काढला आणि त्याच्या जागी मीटरची दोन टोके लावली, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच वाहू लागला. (अशी पिन लावलेला मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नये, कारण तोच शॉर्ट होतो.) चावी चालू आणि लॅम्प बंद असताना ०.६ अँपिअर दिसले, लॅम्प लावल्यावर ३.५. म्हणजे दोन्ही लॅम्प मिळून २.९ अँपिअर, आणि बॅटरीच्या १२.४ व्होल्टला गुणले तर ३६ वॅट. ६० वॅटचा म्हणून विकलेला प्रत्येक लॅम्प १८ वॅटचा निघाला.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की ३.५ अँपिअरमध्ये हॉर्न आणि ब्रेकलाइटची भर घातली तरी १० अँपिअरचा फ्यूज उडण्याचे कारणच नव्हते. तो फ्रेमला टेकून शॉर्ट होणाऱ्या वायरमुळे उडत होता आणि दर वेळी गाडी वाचवत होता. फ्यूज असतो तो वायरच्या रक्षणासाठी. त्याचा आकडा वायरला सोसेल एवढाच ठेवावा लागतो. ३० चा फ्यूज लावल्यावर त्या बारीक वायरमधून तिला न सोसणारा करंट वाहत राहिला, ती तापून वितळली आणि फ्यूज मात्र शाबूत राहिला.

आता लॅम्पसाठी बॅटरीपासून वेगळी लाइन, रिले आणि ५ अँपिअरचा बदामी फ्यूज आहे; दुरुस्तीला २,६०० रुपये लागले. दुकानदाराने पैसे परत देण्यास नकार दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे, परंतु बिलावर ना वॅट, ना रिले, ना फ्यूजचा उल्लेख असल्याने माझी बाजू दुबळी आहे. ज्यांनी बाहेरून लॅम्प बसवून घेतले आहेत त्यांनी फ्यूजच्या डबीच्या झाकणावर छापलेला आकडा आणि आतल्या फ्यूजवरचा आकडा आजच ताडून पाहावा, आणि दोन्ही जुळत नसतील तर दुरुस्ती होईपर्यंत लॅम्प लावू नयेत.