आयपॅडओएस 26 सात महिने वापरलं : माझं मत आणि आमच्या ताईंचं मत

आमच्या घरात दोन आयपॅड आहेत आणि दोघांवर एकच अपडेट (आयपॅडओएस 26, म्हणजे आयपॅड चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) असूनही मतं दोन आहेत, म्हणून दोन्ही लिहिते. माझा आहे एम1 चिपचा एअर, कीबोर्ड लावलेला, कारण मी भाषांतराचं काम करते आणि दिवसातले सहा-सात तास त्याच्यासमोर टेबलाशी बसलेली असते. दुसरा आमच्या ताईंचा, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचा, नवव्या पिढीचा साधा 10.2 इंची, खाली गोल होम बटण असलेला. ताई मिरजेत घरीच गाण्याचा क्लास घेतात, सतरंजीवर बसून, आयपॅड पुढ्यात छोट्या स्टँडवर.

अपडेट आलं 15 सप्टेंबर 2025 ला. आधीचं 18 होतं आणि एकदम 26, त्यामुळे ताईंना वाटलं मधली सात-आठ आपण चुकवली की काय, तर तसं काही नाही, येणाऱ्या वर्षावरून नंबर ठेवलाय. मी पहिल्याच आठवड्यात टाकलं आणि खरंच खूष झाले. आता प्रत्येक ॲपची खिडकी हवी तेवढी लहान-मोठी करता येते, डाव्या कोपऱ्यात लाल-पिवळं-हिरवं बटण, वरून बोट ओढलं की मेनू बार खाली येतो, माउसचा तो गोल ठिपका जाऊन सरळ बाण आलाय. माझ्या कामात डावीकडे इंग्रजी पीडीएफ, उजवीकडे माझा मराठी मजकूर आणि वर कोपऱ्यात शब्दकोशाची छोटी खिडकी असते, आणि एकदा लावलेली खिडकी परत उघडली की त्याच जागी, त्याच मापात येते, हे मला सगळ्यात आवडलं. पूर्वी दोन ॲप शेजारी आणि फार तर तिसरं वर तरंगतं, संपलं. स्टेज मॅनेजर म्हणून खिडक्यांचे गट करायची एक सोय होती पण मला ती कधीच जमली नाही. प्रिव्ह्यू नावाचं पीडीएफचं वेगळं ॲप आलंय तेही चांगलंय, आणि डाउनलोडचं फोल्डर डॉकमधे, म्हणजे पडद्याच्या तळाशी असलेल्या ॲपच्या पट्टीत, ठेवता येतं. लॅपटॉप मी आता आठवड्यातून एखाद्या वेळीच उघडते.

एवढं आवडल्यामुळे मीच ताईंच्या मागे लागले, ताई तुम्ही पण टाका, तुमच्या आयपॅडला पण चालतं. ते खरंच आहे, स्टेज मॅनेजर त्यांच्या आयपॅडला आधी कधीच नव्हता, ह्या खिडक्या मात्र त्यावरही चालतात. शनिवारी रात्री मीच अपडेट लावून दिलं आणि काय काय बदललंय ते नीट वाचलं नव्हतं, ही चूक माझी.

बदललं होतं ते हे. 2015 पासून, म्हणजे आयओएस 9 पासून असलेलं स्प्लिट व्ह्यू (दोन ॲप शेजारी-शेजारी) आणि स्लाइड ओव्हर (एक ॲप कडेबाहेर लपवायचं, बोटाने ओढलं की दुसऱ्याच्या वर येतं) दोन्ही काढून त्या जागी ह्या खिडक्या आणल्या होत्या. मला फरक पडला नाही, पण ताईंचा सगळा क्लास स्लाइड ओव्हरवर चालायचा आणि हे मला घरात राहूनही माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी शेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं. त्यांच्या पडद्यावर पूर्ण मापात बंदिशीचं नोटेशन असतं, मोठ्या अक्षरात, कारण समोरच्या मुलीलाही दिसलं पाहिजे. तानपुऱ्याचं ॲप उजव्या कडेबाहेर सरकवून ठेवलेलं. एक मुलगी काळी चारात गाते, दुसरी पांढरी पाचात, म्हणजे दोघींची पट्टी वेगळी, आणि राग मालकंस असेल तर त्यात पंचम नसल्यामुळे पहिली तार पंचमावरून मध्यमावर घ्यावी लागते. मग ताई काय करायच्या, उजवा हात हार्मोनियमवरच, डाव्या हाताने कडेवरून बोट आत ओढायचं, सूर बदलायचा, परत बाहेर ढकलायचं. दोन सेकंद, आणि नजर मुलीवरून हलत नाही. (खरा तानपुरा घरात आहे, मिरजेचाच, पण प्रत्येक मुलीगणिक चार तारा परत लावत बसलं तर तास त्यातच जाईल.)

त्या रविवारी त्यांनी कडेवरून बोट ओढलं आणि काहीच आलं नाही, दोनदा-तीनदा ओढलं. मग मी तानपुऱ्याची छोटी खिडकी करून दिली तर ती नोटेशनच्या अंतऱ्यावर येऊन बसली, आणि पान सरकवायला नोटेशनला हात लावला की खिडकी मागे गायब. अर्धा-अर्धा पडदा केला तर 10.2 इंचात नोटेशन एवढंसं झालं की मुलगी पुढे वाकून वाचायला लागली आणि ताई म्हणाल्या, "अगं, वाकून गायला लागली की श्वास कुठून घेणार ती?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून घरात वाद. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो आता कुठे आयपॅड खरा कॉम्प्युटर झाला, मामी, चार दिवसात सवय होईल. मीही पहिले दोन आठवडे हेच म्हणत होते. पण आता मला हे "सवय होईल" पटत नाही. ताईंना सवय होतीच, बोटांत बसलेली, न बघता होणारी, आणि गाणं शिकवताना न बघता होणं हेच कामाचं होतं. ज्यांना टेबल, कीबोर्ड आणि माउस आहे त्यांना हे अपडेट भरभरून देतं, ज्यांचा आयपॅड मांडीवर किंवा एका हाताने चालतो त्यांच्या हातचं काहीतरी त्यात गेलं, दोन्ही खरं आहे. मागे फिरायची सोयही नसते, नवीन आवृत्ती आली की ॲपल काही आठवड्यांत जुनी परत टाकायचा रस्ता बंद करते.

तक्रार करणाऱ्या ताई एकट्या नव्हत्या हे नोव्हेंबरात दिसलं. 26.1 हे पुढचं छोटं अपडेट आलं आणि स्लाइड ओव्हर परत आलं, हिरवं बटण दाबून धरलं की तो पर्याय दिसतो. डिसेंबरात 26.2 मधे डॉकमधून ॲप ओढून कडेला सोडायची जुनी पद्धतही परत आली. मी ताईंना दाखवलं तेव्हा त्यांनी आधी कडेवरून आतबाहेर पाच-सहा वेळा करून पाहिलं, मगच पेटी उघडली. आता खिडकीचं माप बदलता येतं हे जुन्यापेक्षा चांगलं आहे. पण पूर्वी तिथे तानपुऱ्यामागे तबल्याचं ॲप ठेवता यायचं, खालच्या रेघेवर बोट सरकवलं की ते पुढे यायचं, आता एकच ॲप राहतं. म्हणून तबल्यासाठी ताई जुना फोन शेजारी ठेवतात.

26 मधे बटणं-मेनूंना आलेल्या काचेसारख्या पारदर्शक रूपाबद्दल फार लिहीत नाही, मला चालतं, ताईंना बटणावरची अक्षरं मागच्या रंगात मिसळल्यासारखी वाटायची. 26.1 पासून डिस्प्ले सेटिंगमधे लिक्विड ग्लास म्हणून पर्याय आहे, तिथे टिंटेड (कमी पारदर्शक) केलं की बराच फरक पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर ॲक्सेसिबिलिटीत पारदर्शकता कमी करायचं बटण आहे, ताईंचं दोन्ही चालू आहे.

म्हणजे विचाराल तर, कीबोर्ड लावून काम करत असाल तर बिनधास्त टाका. घरात कोणी आयपॅड हातात धरून रोजचं काम करत असेल, शिकवत असेल, कीर्तनाला पोथी उघडून बसत असेल, तर आधी त्यांच्याजवळ अर्धा तास बसून बघा ते बोटाने काय काय करतात, आणि टाकायचंच तर 26.2 किंवा पुढचं टाका, क्लासच्या आदल्या रात्री नको. सेटिंगमधे मल्टिटास्किंगखाली फुल स्क्रीन, विंडोज आणि स्टेज मॅनेजर असे तीन पर्याय मिळतात. आम्ही ताईंचा विंडोजवर ठेवलाय, नोटेशन पूर्ण पडद्यावर, तानपुरा उजव्या कडेला. परवा त्या मारव्यासाठी पहिली तार निषादावर घेत होत्या, डाव्या हाताने, आणि बघत होत्या मुलीकडे.