टॉप की एचटॉप? आणि मग पीएस कशाला?

लिनक्सवर काय काय चालू आहे ते बघायला पीएस, टॉप, एचटॉप अशा तीन कमांड आहेत, आणि तिन्ही शेवटी स्लॅश प्रॉकमधूनच, म्हणजे कर्नल जिथे प्रत्येक प्रोसेसची (चालू प्रोग्रामची) माहिती ठेवतो तिथूनच, वाचतात, त्यामुळे आकडा कुणाचाच खोटा नसतो, फक्त तो कशाचा आहे हे बघावं लागतं.

पीएसचंच घ्या. पीएस एयूएक्स (सगळ्या प्रोसेसची यादी) मधला सीपीयूचा टक्का हा आत्ताचा नसतो, प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. म्हणजे 10 दिवस निवांत पडलेली प्रोसेस गेली 10 मिनिटं अख्खा कोअर खात असली तरी पीएस तिच्यापुढे 0.1 च्या आसपास काहीतरी दाखवणार, आणि आपण भलतीकडेच शोधत बसणार. "मशीन आत्ता का स्लो झालंय" याला पीएस उपयोगाचं नाही. हां, कोणाची पॅरेंट कोण (म्हणजे कोणी कोणाला सुरू केलं), कधीपासून चालू आहे, पूर्ण कमांड काय, हे एकदा काढून कुणाला पाठवायचं असेल तर पीएसच बरं, कारण ते छापून मोकळं होतं. नुसतं नाव शोधायचं असेल तर पीग्रेप वापरा, म्हणजे पीएसची यादी ग्रेप या शोधायच्या कमांडमधून काढताना ग्रेपला ग्रेपच सापडण्याचा प्रकार होत नाही.

आता टॉप आणि एचटॉप. दिसायला एचटॉप उजवं आहे यात वादच नाही, रंग, माउस, एफ 5 ला झाड (कोणाखाली कोण), एफ 4 ला फिल्टर, एफ 9 ला किल (प्रोसेस बंद करणं). हिशाम मुहम्मदने 2004 मध्ये आणलं, 2020 पासून दुसरी टीम सांभाळतेय. माझ्या लॅपटॉपवर आहे आणि राहील.

पण माझं काम बरंचसं जावावाल्या सर्व्हरवर, आणि तिथे एचटॉप उघडलं की एकाच जावाच्या ओळींनी स्क्रीन भरतो, कारण ते थ्रेडही, म्हणजे एकाच प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामंही, वेगवेगळ्या ओळीत दाखवतं आणि प्रत्येक ओळीत मेमरी तीच, 2.1 जी, 2.1 जी, 2.1 जी. थ्रेड सगळे एकाच प्रोसेसची मेमरी वापरतात म्हणून आकडा तोच येतो, हे डोक्याला माहीत असतं हो, पण घाईत डोळ्याला नसतं, आणि शेजारी नवीन कोणी बसलं असेल तर तो लगेच म्हणणार, सर, रॅम तर कधीच संपली. डेटाबेसची ओळ त्या गर्दीत कुठे गेली ते शोधत खाली जात राहायचं. कॅपिटल एच दाबलं की थ्रेड जातात, मान्य, पण ते सेटिंग त्या युजरच्या होममध्ये सेव्ह होतं, म्हणजे दुसरा सर्व्हर की परत तेच, तिसरा की परत तेच. वर बऱ्याच ठिकाणी एचटॉप नसतंच आणि दुसऱ्याच्या मशीनवर काही इन्स्टॉल करायचं म्हणजे आधी परवानगीचा मेल.

टॉप थ्रेड आपणहून दाखवत नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी परत टॉपकडे आलो. सी दाबून पूर्ण कमांड, कॅपिटल एम दाबून मेमरीप्रमाणे, 1 दाबून कोअर वेगवेगळे, आणि आवडलं तर कॅपिटल डब्ल्यू, सेव्ह.

टॉपचेही नखरे आहेत. 4 कोअरच्या मशीनवर एका प्रोसेसला 400 टक्के दिसू शकतात, कारण तिथे 100 म्हणजे एक कोअर, घाबरू नका, शिफ्ट आय दाबा, म्हणजे आकडा कोअरच्या संख्येने भागून येतो. आणि किल करायला के दाबलं की सगळ्यात वरच्या ओळीचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) तो स्वतःच पुढे करतो, तिथे सवयीने एंटर मारू नका. छोट्या कंटेनर इमेजमध्ये तर कधीकधी टॉपही नसतं, पीएसही नसतं.

तुमच्याकडे दोनचारच मशीन असतील आणि सगळी स्वतःची, तर मे बी एचटॉपच बरं पडेल, फक्त एफ 2 मध्ये जाऊन युजर थ्रेड लपवायचं तेवढं आधी करून टाका. दुसऱ्यांच्या सर्व्हरवर लॉगिन करायची नोकरी असेल तर मी तरी टॉपचीच सवय लावा म्हणेन.