फ्रेड: मंदीत नोकरभरती नेमकी कुठे अडते ते दाखवणारी मोफत साइट

अमेरिकेतल्या सेंट लुईस फेडरल रिझर्व्ह बँकेची ‘फ्रेड’ ही सेवा १९९१पासून चालू आहे. त्यात आठ लाखांहून जास्त आकडेमालिका आहेत, पैसे लागत नाहीत, आणि आलेख पाहायला खातंही उघडावं लागत नाही. बहुतेक लोक तिथे व्याजदर किंवा महागाई पाहायला जातात. पण मंदीत कंपन्या माणसं घेणं कधी थांबवतात, काढायला कधी लागतात आणि पुन्हा घ्यायला किती वेळ लावतात, हे पाहण्यासाठी यापेक्षा चांगलं फुकटचं साधन सापडणं अवघड आहे. अडचण एवढीच की कोणती मालिका कशासाठी उघडायची हे साइट सांगत नाही. शोधपेटीत ‘अनएम्प्लॉयमेंट’ टाकलं की हजारो निकाल समोर येतात आणि नवखा माणूस पहिल्याच निकालावर थांबतो.

तो पहिला निकाल म्हणजे बेरोजगारीचा दर. मंदीत भरतीचा अंदाज घ्यायला तो सगळ्यात उशिरा उपयोगी पडतो. २००७-०९ची मंदी अधिकृतरीत्या जून २००९मध्ये संपली, तर दर १० टक्क्यांच्या शिखरावर पोचला ऑक्टोबर २००९मध्ये. पगारपत्रकावरच्या माणसांची एकूण संख्या फेब्रुवारी २०१०पर्यंत घसरतच राहिली. तोवर सुमारे ८७ लाख नोकऱ्या गेल्या होत्या, आणि जुनी पातळी परत यायला २०१४ उजाडलं.

खरा माल ‘जोल्ट्स’ या पाहणीत आहे. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स हे अमेरिकी सरकारचं खातं दर महिन्याला सुमारे २१ हजार आस्थापनांना विचारतं: रिकाम्या जागा किती, माणसं किती घेतली, किती जण स्वतः सोडून गेले, किती काढले. फ्रेडवर या चार मालिका ‘जॉब ओपनिंग्ज’, ‘हायर्स’, ‘क्विट्स’ आणि ‘लेऑफ्स अँड डिस्चार्जेस’ या नावांनी, ‘टोटल नॉनफार्म’ (म्हणजे शेती वगळून एकूण) जोडून शोधाव्यात. चौघी एकाच आलेखावर आणल्या की मंदीचं गणित दिसतं. २००७मध्ये महिन्याला ५० लाखांच्या आसपास लोक नव्या कामावर लागत होते. २००९च्या मध्याला हा आकडा ४० लाखांच्या खाली आला. कपात २००९च्या सुरुवातीला २५ लाखांच्या आसपास पोचली, पण २०१०मध्ये ती जवळपास नेहमीच्या पातळीवर परतली. भरती मात्र परतली नाही. म्हणजे कपातीच्या बातम्या थांबल्यानंतरही कामाचं दार बंदच होतं, आणि बातम्या तर फक्त कपातीच्याच येतात.

याचं कारण ‘क्विट्स’मध्ये आहे. एरवी बऱ्याच जागा निघतात त्या कुणीतरी दुसरीकडे गेल्यामुळे. त्याच्या जागी तिसरा येतो, तिसऱ्याची जागा रिकामी होते, अशी साखळी चालते. मंदीत हातातली नोकरी कुणी सोडत नाही. २००७मध्ये महिन्याला ३० लाखांच्या जवळपास राजीनामे होते, २००९मध्ये ते वीस लाखांच्याही खाली गेले. साखळीच तुटली, त्यामुळे कंपनीने एकही माणूस काढला नाही तरी बाहेरच्याला आत शिरायला जागा उरत नाही. असं अधिकृत मंदीशिवायही घडतं. २०२४-२५मध्ये बेरोजगारीचा दर ४ ते ४.५ टक्क्यांच्या आसपास होता, कपात कमी होती, पण ‘हायर्स रेट’ (एकूण नोकऱ्यांच्या तुलनेत महिन्याभरात घेतलेली माणसं) ३.३ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे २०१३च्या सुमाराला होता तेवढाच. नोकरी असलेल्याला सगळं ठीक वाटतं आणि नोकरी शोधणाऱ्याला वेड लागायची पाळी येते, ते याच काळात.

एक उपयुक्त आलेख साइटवर स्वतः बनवता येतो: एका रिकाम्या जागेमागे किती बेरोजगार. आधी ‘अनएम्प्लॉयमेंट लेव्हल’ ही मालिका उघडा. लक्ष द्या, ‘लेव्हल’ हवी, ‘रेट’ नको. ‘एडिट ग्राफ’मध्ये जाऊन ‘कस्टमाइझ डेटा’ या चौकटीत ‘जॉब ओपनिंग्ज: टोटल नॉनफार्म’ शोधून ‘अॅड’ दाबा, सूत्राच्या चौकटीत ‘ए’ भागिले ‘बी’ लिहा आणि ‘अप्लाय’ करा. दोन्ही आकडे हजारांत असल्यामुळे काही गुणावं-भागावं लागत नाही. २००९च्या उन्हाळ्यात हे प्रमाण सहाच्या वर होतं, २०२२च्या वसंतात सुमारे अर्धं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे चौकटीत जोडण्याऐवजी ‘अॅड लाइन’ वापरणं. त्याने वेगळी रेघ येते, भागाकार होत नाही.

ओपनिंग्जचा आकडा जपून वापरावा. पाहणीच्या व्याख्येप्रमाणे जागा खरोखर असावी, ३० दिवसांत काम सुरू करता यावं आणि बाहेरून उमेदवार शोधणं चालू असावं. पण ‘शोधणं चालू आहे’ हे कंपनीच सांगते, आणि जाहिरात चालू ठेवायला फारसा खर्च येत नाही. माणूस घेतला की नाही हे मात्र पगारपत्रकावर उमटतं. म्हणून ओपनिंग्ज आणि हायर्स वेगवेगळ्या दिशेने चालल्या तर हायर्सवर विश्वास ठेवावा. शिवाय या पाहणीला उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण गेल्या दशकात खूप घसरून आता एकतृतीयांशाच्या आसपास आहे. एका महिन्याच्या उडीवरून निष्कर्ष काढू नये, निदान तीन महिन्यांची सरासरी घ्यावी. फ्रेडच्या आलेखाच्या पानावर याचा ठळक इशारा नाही, आणि ही या सेवेतली खरी उणीव आहे.

जोल्ट्सचे आकडे सुमारे पाच आठवडे उशिरा येतात. ताजी हालचाल हवी असेल तर ‘इनिशियल क्लेम्स’ आहेत, म्हणजे बेरोजगार भत्त्यासाठी आठवडाभरात आलेले नवे अर्ज. ते दर गुरुवारी सकाळी, आधीच्या शनिवारपर्यंतचे येतात. सुट्ट्यांच्या आठवड्यांत आकडा उड्या मारतो, म्हणून चार आठवड्यांची सरासरी असलेली वेगळी मालिका घ्यावी. ही मालिका फ्रेडवर हजारांत नसून पूर्ण संख्येत आहे. पगारपत्रकाच्या मालिकेसोबत सूत्रात टाकली की उत्तर हजारपटीने चुकतं. आठवड्याचा आकडा महिन्यात बदलताना ‘सम’ न निवडता ‘अॅव्हरेज’ निवडावं, कारण काही महिन्यांत चार आठवडे येतात, काहींत पाच.

क्लेम्स कपात दाखवतात, भरती नाही. नुकताच पदवीधर झालेला, ज्याला पहिली नोकरीच मिळाली नाही, तो यात येत नाही. ‘कंटिन्यूड क्लेम्स’ (भत्ता चालू असलेल्यांचे अर्ज) घटले म्हणजे लोक कामाला लागले असंही नाही. बहुतेक राज्यांत नेहमीचा भत्ता २६ आठवडे मिळतो, तो संपला की माणूस यादीतून बाहेर पडतो, बेरोजगार राहतोच. त्याची नोंद ‘२७ आठवडे किंवा जास्त बेरोजगार’ या मालिकेत मिळते. २०१०मध्ये एकूण बेरोजगारांपैकी सुमारे ४५ टक्के त्यात होते.

कपातीआधी कंपन्या काय करतात तेही इथे सापडतं. आधी जादा तास बंद होतात, मग कंत्राटी माणसं परत पाठवली जातात, मग नवी भरती गोठते आणि कायम माणसांवर कुऱ्हाड शेवटी येते. कारखान्यांतले ‘अॅव्हरेज वीकली अवर्स’ आणि ‘टेम्पररी हेल्प सर्व्हिसेस’ या मालिका त्यासाठी पाहाव्यात. पण कंत्राटी मालिकेच्या भरवशावर भविष्य सांगू नये: ती २०२२च्या वसंतापासून दोन वर्षांहून जास्त काळ घसरत होती, आणि त्या काळात अधिकृत मंदी जाहीर झाली नाही. अर्थतज्ज्ञ क्लॉडिया साम यांच्या ‘साम नियमा’चंही तेच. बेरोजगारीच्या दराची तीन महिन्यांची सरासरी मागच्या बारा महिन्यांतल्या नीचांकापेक्षा अर्धा टक्काबिंदू वर गेली की मंदी, असा तो नियम. जुलै २०२४च्या आकड्यांनी ती रेषा ओलांडली, पण मंदी जाहीर झाली नाही. फ्रेडवर हा निर्देशांक तयार मिळतो, आणि तो जितका सोपा दिसतो तितकाच गैरवापरालाही सोपा आहे.

आलेखावर मंदीचा काळ दाखवणाऱ्या राखाडी पट्ट्यांना लोक घड्याळ समजतात. त्या पट्ट्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संशोधन संस्थेची समिती मंदीच्या तारखा जाहीर करते तेव्हा येतात, आणि ही समिती घाई करत नाही. डिसेंबर २००७ला सुरू झालेली मंदी जाहीर झाली १ डिसेंबर २००८ला. म्हणजे ऑक्टोबर २००८मध्ये आलेख उघडणाऱ्याला पट्टी दिसतच नव्हती. आज मागे वळून पट्टी पाहताना सगळं उघड होतं असं वाटतं. त्या वेळी लोकांना नेमकं काय दिसत होतं हे पाहायचं तर फ्रेडचीच ‘आल्फ्रेड’ ही जोडसेवा वापरावी. तिथे अनेक मालिकांच्या जुन्या आवृत्त्या तारखेनुसार मिळतात. मंदीत हे विशेष महत्त्वाचं, कारण तेव्हा पगारपत्रकाचे पहिले अंदाज जास्त चुकतात. बंद पडलेली कंपनी पाहणीला उत्तर देत नाही, म्हणून नव्या आणि बंद कंपन्यांचा हिशेब गणिती अंदाजाने घातला जातो, आणि तो अंदाज चांगल्या काळाच्या सवयीवर बेतलेला असतो. मार्च २००९ची पातळी वार्षिक दुरुस्तीत सुमारे नऊ लाखांनी खाली आणावी लागली होती.

मंद्यांची एकमेकींशी तुलना करायची सोय उत्तम आहे, पण नीट लपवून ठेवली आहे. ‘एडिट ग्राफ’मधल्या ‘युनिट्स’मध्ये ‘इंडेक्स’ निवडलं की १०० कोणत्या तारखेला धरायचे ते विचारलं जातं. तिथे मंदीची यादी असते. तारखांऐवजी शून्य, एक, दोन असे महिने दाखवण्याचा चौकोन टिक करा. मग तीच पगारपत्रकाची मालिका पुन्हा जोडून दुसरी मंदी निवडा. मालिका जितक्या मंद्या तितक्या वेळा जोडावी लागते, हे कंटाळवाणं आहे. २०२०ची रेघ इतकी खोल जाते की बाकीच्या सपाट दिसतात, म्हणून ती वेगळ्या आलेखावर घ्यावी. जोल्ट्सवर हा प्रयोग केला तर हाती तीनच मंद्या येतात, कारण ती पाहणीच डिसेंबर २०००पासून आहे.

क्षेत्रानुसार आकडे भरपूर आहेत आणि तिथे चित्र बरंच वेगळं दिसतं: २००८-०९मध्ये बांधकाम आणि कारखाने कोसळत असताना शिक्षण-आरोग्य सेवांतली संख्या वाढत होती. इंडीड या नोकऱ्यांच्या साइटवरच्या जाहिरातींचा निर्देशांकही आहे, १ फेब्रुवारी २०२० म्हणजे १०० धरून. तो रोजचा आहे, व्यवसायांप्रमाणे वेगळा मिळतो, पण त्याआधीची एकही मंदी त्यात नाही. आयएसएम या खरेदी व्यवस्थापकांच्या संस्थेचे रोजगार निर्देशांक शोधू नका, ते २०१६मध्ये काढून टाकले गेले.

वीस ते चोवीस वर्षांच्या पदवीधरांच्या बेरोजगारीचीही मालिका आहे, पण तिच्यात हंगामी समायोजन नाही. जून-जुलैत नवे पदवीधर बाजारात आले की ती आपोआप वर जाते. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. त्यासाठी ‘युनिट्स’मध्ये ‘चेंज फ्रॉम इयर अगो’ निवडा, ‘पर्सेंट चेंज’ नको. दर ४ वरून ५ टक्के झाला की दुसरा पर्याय ‘२५’ दाखवतो, आणि मथळे देणाऱ्यांना तोच आवडतो.