निवांत सुट्टीसाठी फोर्ट की गिरगाव?
मुंबईत वास्तू पाहायच्या असतील, तर फोर्टला तोड नाही. ओव्हल मैदानात उभे राहिले, की एका बाजूस उच्च न्यायालय व १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर यांची टोकदार कमानींची गॉथिक शैली, तर दुसऱ्या बाजूस आर्ट डेको (विसाव्या शतकातील भौमितिक रेषांची शैली) इमारतींची रांग दिसते. हा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जेवणासाठी बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया या उपाहारगृहाचा बेरी पुलाव प्रसिद्ध आहे, मात्र रांगेची तयारी हवी. गिरगावात खोताच्या वाडीतील लाकडी सज्जांची घरे तासाभरात पाहून होतात (ती राहती घरे आहेत, हे छायाचित्रे काढताना विसरू नये). परंतु मिसळ, पीयूष आणि संध्याकाळी चौपाटीवरची भेळ असा खाण्याचाच बेत असेल, तर गिरगाव निःसंशय सरस ठरते.