दुसरा खर्डा: आहे त्यावर दुरुस्ती की कोरं पान?

आत्मपर निबंधाचा पहिला खर्डा तयार झाला की विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. त्याच मजकुरावर लाल पेन चालवायचं, किंवा तो बाजूला ठेवून कोऱ्या पानावर पुन्हा लिहायचं.

दुरुस्ती लवकर होते. शुद्धलेखन, लांबलेली वाक्यं, दोनदा आलेला मुद्दा, सगळं सापडतं. शब्दमर्यादा कडक असेल तर हे टळत नाहीच; कॉमन ॲपच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसाठीच्या सामायिक प्रवेश-अर्जाच्या, निबंधाला ६५० शब्दांच्या वर जाता येत नाही, तिथे कात्री लागतेच. अडचण अशी की लिहिलेल्या वाक्यांवर जीव जडलेला असतो. मग सुरुवातीचा परिच्छेद चकचकीत होत जातो, पण तो मुळात हवा आहे का, हा प्रश्न राहूनच जातो.

नव्याने लिहिणं थकवतं, तरी दुसऱ्या खर्ड्यासाठी मी तेच सुचवेन. पहिल्या खर्ड्यात बहुतेकदा नुसती घटना असते: आजी आजारी पडली, स्पर्धा हरलो. त्या घटनेने आपल्यात काय बदललं, हे कुठेतरी शेवटच्या ओळींत उमटतं. जुनं पान समोर नसलं की लिखाण तिथूनच सुरू होऊ शकतं, आणि जे आठवतही नाही ते बहुधा गरजेचं नव्हतंच. एखादी चांगली ओळ हरवेल ही भीती रास्त आहे, म्हणून पहिला खर्डा जपून ठेवावा.

तिसऱ्या खर्ड्यापासून मात्र दुरुस्तीच बरी. तेव्हा मोठ्याने वाचावं, आणि जीभ अडखळेल तिथे खूण करावी.