वूस्टरची ‘फिशरमन’ कपबशी: घेण्याआधी काय तपासाल

अठराव्या शतकातलं इंग्रजी निळं-पांढरं पोर्सिलीन पहिल्यांदाच घेत असाल, तर १७८० च्या आसपासची, ‘फिशरमन’ नक्षी छापलेली, वूस्टर या इंग्रजी कारखान्याची बिनकानाची कपबशी घ्या. त्या काळच्या बऱ्याच इंग्रजी भांड्यांहून ती सरस आहे, आणि त्याचं कारण मातीत आहे. वूस्टरवाले कॉर्नवॉलचा सोपस्टोन, म्हणजे शंखजिऱ्याचा दगड, वापरत. त्यामुळे उकळतं पाणी ओतलं तरी भांडं सहसा तडकत नसे. बो आणि लोस्टॉफ्ट या दुसऱ्या इंग्रजी कारखान्यांच्या मातीत हाडांची राख असे. तिथं टवका उडालेली जागा पुढे तपकिरी पडते.

नक्षी चिनी धाटणीची, पण इंग्लंडात रचलेली: नावेत मासा धरून उभा कोळी, पाणकावळा, मागे गळ टाकून बसलेला दुसरा कोळी. श्रॉपशरच्या काफली कारखान्यानंही हीच नक्षी छापली, त्यामुळे गल्लत ठरलेली. आधी मासा बघा. वूस्टरचा लांबट आणि बारीक, काफलीचा आखूड आणि गुबगुबीत. वूस्टरमध्ये गळाची दोरी सैल, नागमोडी असते. काफलीत ती ताणलेली. मग मोबाइलचा टॉर्च लावा: वूस्टरमधून बहुधा हिरवट उजेड येतो, काफलीतून पिवळट-नारिंगी. बुडावरची चंद्रकोर ही वूस्टरची खूण, पण नुसत्या तिच्यावर विसंबू नका. काफलीच्या खुणेतला इंग्रजी ‘सी’ (C) रेघांनी भरला की तसाच दिसतो. उजेड आरपार येतच नसेल तर ते पोर्सिलीन नव्हे. बूथ्स या इंग्रजी कंपनीनं वूस्टरच्या नकला अपारदर्शक मातीत केल्या होत्या.

कप तळहातावर ठेवून टिचकी मारा. अखंड कप खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो. कडेवरून नख फिरवा, रंगवून बुजवलेला टवका नखाला लागतो; अतिनील टॉर्चखाली तो वेगळा चमकतो. भट्टीतला काळा ठिपका किंवा झिलईतलं टाचणीएवढं भोक मात्र दोष धरू नये. कप एका संचातला आणि बशी दुसऱ्या, हे सर्रास होतं. निळ्याची छटा जुळत नसेल तर जोडीची किंमत देऊ नका.

झिलईत शिसं आहे, म्हणून लिंबाचा चहा यात नको; खरं तर रोजच्या वापरालाच नको. धुताना कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. ब्लीच चिरेतून झिलईखाली शिरतं आणि वाळताना क्षार झिलई उचकटतात. बशी भिंतीवर टांगायला स्प्रिंगची तार वापरू नका, ती कडेवर ताण देते. लाकडी स्टँड घ्या.